रॉयल टूर्नामेंट कोणी बघितलंय का? तोफा, घोडे, अर्ल्स कोर्ट आणि बाकी सगळं

आगाशीकर_लंडन
विषय जुना आहे पण परवा गणपतीच्या मीटिंगमध्ये वर्गणी राहिली बाजूला आणि तिघं-चौघं यावरच बोलत बसले म्हणून धागा काढतोय. लंडनमध्ये ज्यांनी ७०-८०-९० ची दशकं काढलीत त्यांच्यासाठी जुलै म्हणजे रॉयल टूर्नामेंट हे समीकरण होतं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा ब्रिटिश सैन्याचा इनडोअर शो, तिन्ही दलं मिळून करायची. १८८० ला इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सुरू झाला, १९०६ ला ऑलिंपियाला गेला, १९५० पासून अर्ल्स कोर्टला, आणि १९९९ ला बंद. मधे दोन्ही महायुद्धांत खंड पडला तेवढाच.

सुरुवातीला ही खरीखुरी स्पर्धा होती बरं का, तलवारबाजी, भालाफेक नाही पण भाल्याने मेख उचलणे, घोड्यावरून लिंबू कापणे असले प्रकार. लोक फारसे येईनात. मग १८८२ ला लाइफ गार्ड्सनी संगीताच्या तालावर घोडे नाचवले, म्युझिकल राइड, आणि गर्दी व्हायला लागली. तिथून जो तमाशा (चांगल्या अर्थाने) वाढत गेला तो थेट टीव्हीपर्यंत, बीबीसीवर दाखवायचे.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट किंग्ज ट्रूप, म्हणजे सैन्याची घोड्यांनी तोफा ओढणारी तुकडी. पहिल्या महायुद्धातल्या १३ पौंडी तोफा, एकेका तोफेला सहा घोडे, सहा घोड्यांवर तीनच स्वार, आणि तोफेला ब्रेक नाही! हे सगळं बंद हॉलमध्ये पूर्ण दौडत, आणि मग ते कात्रीसारखं एकमेकांच्या मधून आरपार जातात, एका टीमचा शेवटचा भाग जातो न जातो तोच दुसऱ्या टीमचे पुढचे घोडे तिथे. पुढच्या रांगेत बसलात तर अंगावर मातीचे ढेकळं यायची, आणि घोड्यांचा वास, तो वास म्हणजे आहाहा, बायकोला अजून कळत नाही यात आहाहा काय आहे.

तर प्रश्न असे: कोणी बघितलंय? आणि ते २०१० ला पुन्हा सुरू केलं होतं त्याला कोणी गेलं होतं का? कारण मला त्याबद्दल बरंच बोलायचंय.

वेदा_फेअरहॅम
फील्ड गन!!! तुम्ही फील्ड गनबद्दल एक अक्षर नाही लिहिलंत, धाग्याचा निषेध :)

घोडे वगैरे छान असतात पण अर्ल्स कोर्टला लोक घसा फाडून ओरडायचे ते नौदलाच्या फील्ड गन रनला. १८ जणांची टीम, पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट (ही दोन नौदलाची बंदरं) आणि फ्लीट एअर आर्म (नौदलाचं विमानदल) अशा तीन टीम्स शेवटी होत्या (आधी चॅटम पण होती). तोफ घेऊन पळत यायचं, पाच फुटी भिंत, ती तोफ सुटी करून भिंतीवरून पलीकडे, मग २८ फुटांची दरी म्हणजे मधे मोकळी जागा सोडलेली, तिथे लाकडी वासे उभे करायचे, दोर ताणायचा आणि कप्पीवरून माणसं आणि तोफेचे सगळे भाग लटकत पलीकडे, तिकडे तोफ पुन्हा जोडायची, फायर करायची आणि हे सगळं करत परत यायचं. नुसती नळी चारशे किलोच्या आसपास, एक चाक पन्नास किलोच्या वर. आणि वेळ? चांगली टीम तीन मिनिटांच्या आत!!

बोटं तुटायची. अक्षरशः. जुन्या फील्ड गनर्सना भेटलात आणि हात मिळवलात तर कळतं.

माझे सासरे (इंग्रज आहेत, पोर्ट्समथ डॉकयार्डमध्ये कामाला होते) अजून डेव्हनपोर्टचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. आपल्याकडे दहीहंडीत दोन गल्ल्यांच्या पथकांचं जसं असतं ना, डिट्टो.

टवाळ_पोरगा
चारशे किलोची नळी उचलून पळायचं आणि ते पण परेडसारखं सरळ तोंड करून. मला सोफ्यावरून उठताना हात लागतो. चालू द्या, वाचतोय.

इतिहासवेडा
वेदा, मस्त लिहिलंयस. या फील्ड गनमागची कथा सांगायचा मोह आवरत नाही, लांबण लागली तर सोडून द्या.

हे सगळं दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या (ब्रिटिश विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर) लेडीस्मिथ गावाच्या वेढ्याच्या स्मरणार्थ. २ नोव्हेंबर १८९९ ते २८ फेब्रुवारी १९००, ११८ दिवस. बोअर लोकांकडे लांब पल्ल्याच्या तोफा, ब्रिटिश लष्कराकडे त्या तोडीचं काही नाही, मग डर्बन बंदराला लागलेल्या जहाजांवरच्या तोफा काढून जमिनीवर न्यायच्या ठरल्या. पर्सी स्कॉट नावाच्या कॅप्टनने घाईघाईत त्यांच्यासाठी गाडे बनवून घेतले आणि एचएमएस पॉवरफुलचे नौसैनिक त्या घेऊन लेडीस्मिथला पोचले ते ३० ऑक्टोबरला, म्हणजे वेढा पडायच्या ऐन तोंडावर.

आता गंमत अशी की शोमधली ती भिंत, ती दरी वगैरे बघून वाटतं की खलाशांनी तोफा खांद्यावर घेऊन डोंगरदऱ्या पार केल्या. प्रत्यक्षात त्या लेडीस्मिथला गेल्या रेल्वेने! आणि पुढे वेढा फोडायला दक्षिणेकडून जे सैन्य निघालं त्यांच्या बरोबरच्या नौदलाच्या तोफा ओढायला बैल होते. पण शोमध्ये बैल कोण बघणार, म्हणून १९०७ पासून ही माणसांची शर्यत.

दुसरं म्हणजे या लढाईत आपली माणसं होती हे तिकडे कोणी बोलायचं नाही. वेढा फोडायला ज्या लढाया झाल्या, कोलेन्सो आणि स्पियन कॉप, तिथे जखमींना उचलून नेणाऱ्या इंडियन ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये गांधीजी होते, ११०० च्या आसपास माणसं. आणि खुद्द लेडीस्मिथच्या आत परभू सिंग नावाचा एक गिरमिटिया मजूर उघड्यावर बसून समोरच्या टेकडीवरच्या बोअर तोफेवर नजर ठेवायचा, तिचा धूर दिसला की इशारा द्यायचा म्हणजे लोक आडोशाला पळतील. रोज. त्याची शर्यत कोणी लावली नाही.

पन्हाळकर
इतिहासवेडा यांचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहावंसं वाटलं. मला एकूण या प्रकाराचं कौतुक कळत नाही. ज्या सैन्याने आपल्यावर राज्य केलं त्यांचा हा जल्लोष, व्हिक्टोरियाच्या काळात सुरू झालेला, त्यात ज्या भाल्याच्या खेळाचा उल्लेख आलाय तो पण आपल्याकडूनच नेलेला. आणि आपण मराठी माणसं तिकिटं काढून बघायला गेलो आणि आता गहिवरतोय. सैन्याचं काम युद्ध, सर्कस नव्हे. बंद पडलं ते बरं झालं असं माझं प्रामाणिक मत.

आगाशीकर_लंडन
@पन्हाळकर, मत मान्य, पण मी दहा वर्षांचा होतो हो, मला व्हिक्टोरिया नाही घोडे दिसत होते. आणि माझे बाबा, जे आयुष्यभर इंग्रजांना शिव्या घालत इथल्याच हॉस्पिटलात नोकरी करत राहिले, ते सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायचे. दोन्ही एकाच माणसात मावतं.

जबलपूर_ते_वारजे
नमस्कार. मी सिग्नल्समधून (सैन्याचं संदेशवहन दल) निवृत्त. धागा आवडला. पन्हाळकर साहेबांना उत्तर देत नाही, फक्त माहिती देतो.

ज्या खेळाबद्दल बोलताय तो टेंट पेगिंग, उत्तरेत नेझाबाजी म्हणतात. जमिनीत लाकडी मेख पुरलेली, स्वार भरधाव येतो आणि भाल्याच्या टोकावर ती उचलून नेतो. आपल्याकडून तिकडे गेला हे खरं, पण आपल्याकडून गेला नाहीही, म्हणजे आपल्याकडे अजून तो जिवंत आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ही स्पर्धा होती आणि वैयक्तिक सुवर्ण आपल्याला मिळालं होतं, ६१ कॅव्हलरीचे रुपिंदर सिंग ब्रार. ६१ कॅव्हलरी म्हणजे जयपूरची, खरे घोडे असलेली रेजिमेंट.

दुसरा विषय मोटरसायकलींचा. तुमच्या टूर्नामेंटमध्ये व्हाइट हेल्मेट्स असायचे, रॉयल सिग्नल्सची मोटरसायकल टीम, १९२७ पासूनची, ट्रायम्फ गाड्यांवर पिरॅमिड करणारी. आमची डेअर डेव्हिल्स त्याच कुळातली, जबलपूरला १९३५ ला सुरू झाली, बुलेटवर. आता बघा, व्हाइट हेल्मेट्स २०१७ ला बंद केली. कारण काय दिलं, तर आजच्या सिग्नल्सच्या कामाशी याचा संबंध राहिला नाही. आणि आमच्या पोरांनी २०२५ च्या जानेवारीत कर्तव्य पथावर सात मोटरसायकलींवर चाळीस जणांचा चालता पिरॅमिड केला, २०.४ फूट उंच, जागतिक विक्रम.

आता रेडिओवाल्या माणसाने गाडीवर उभं राहण्याचा कामाशी संबंध काय, असं मलाही तरुणपणी वाटायचं. पण जुन्या काळी निरोप घेऊन जाणारा डिस्पॅच रायडर हा सिग्नल्सचाच असायचा, त्याचं गाडीवरचं कौशल्य हे कामच होतं. ते काम गेलं, कौशल्य राहिलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुखटणकर_वहिनी
काका, चाळीस जण उतरतात कसे हो त्या पिरॅमिडवरून? चढताना टीव्हीवर दाखवतात, उतरताना कधीच दाखवत नाहीत, माझ्या मुलाचा लहानपणापासूनचा प्रश्न आहे.

एडिनबराचा_पाऊस
इथे एडिनबरा टॅटूचा (गोंदण नव्हे, सैन्याच्या बँड-कवायतीचा शो) उल्लेख अजून कसा नाही? १९५० पासून दर ऑगस्टला, किल्ल्यासमोरच्या पटांगणात (कोविडची दोन वर्षं सोडून). साडेआठ-नऊ हजार लोक रोज बसतात, पाऊस असला तरी बसतात, पाऊस असतोच. आम्ही पुण्याहून कोणी पाहुणे आले की नेतो आणि प्रत्येक वेळी ठरवतो की ही शेवटची वेळ, आणि मग तो एकटा पायपर किल्ल्याच्या तटावर उभा राहतो आणि बाकी सगळे दिवे जातात, झालं, पुढच्या वर्षीचं बुकिंग.

पण मुद्दा वेगळा. लंडनचं बंद पडलं आणि एडिनबराचं चाललंय याचं कारण मला असं वाटतं की एडिनबराला तो फेस्टिवलचा भाग आहे, जगभरातून टूरिस्ट तेव्हा येतातच, किल्ला फुकट मिळालेला सेट आहे, जगभरचे बँड पाहुणे म्हणून येतात त्यामुळे सगळा भार ब्रिटिश सैन्यावर नाही. लंडनला हॉलमध्ये सगळं आतून बाहेरून उभं करायचं, वाळू माती आणायची, शेकडो घोडे ठेवायचे, सैनिक आठवडेच्या आठवडे अडकलेले, फील्ड गनवाले तर महिनोन्‌महिने फक्त तेवढंच करायचे. सैन्य लहान झाल्यावर हे कसं परवडणार.

वेदा_फेअरहॅम
अगदी. १९९८ ला लेबर सरकारचा स्ट्रॅटेजिक डिफेन्स रिव्ह्यू आला आणि त्यातच हे गेलं. १९९९ ची शेवटची टूर्नामेंट, सासरे गेले होते, बाहेर पडताना रस्त्यावर म्हातारे खलाशी रडत होते म्हणे. त्यानंतर २००० ला हॉर्स गार्ड्सवर रॉयल मिलिटरी टॅटू म्हणून एक मोठा कार्यक्रम केला, पण तो एकदाच.

आगाशीकर_लंडन
हां, आता येतो माझ्या मूळ मुद्द्याकडे, २०१० चं पुनरुज्जीवन. ब्रिटिश मिलिटरी टूर्नामेंट नावाने, डिसेंबरमध्ये, पुन्हा अर्ल्स कोर्टलाच, सैनिकांच्या मदतनिधीसाठी. एका वीकेंडपुरतं. २०१३ पर्यंत दरवर्षी झालं. मग अर्ल्स कोर्टच बंद झालं २०१४ च्या डिसेंबरात आणि पाडायला घेतलं, तिथे आता घरं बांधायची आहेत, १९३७ चं एवढं मोठं आर्ट डेको दार असलेलं बिल्डिंग, २०१२ च्या ऑलिंपिकचं व्हॉलीबॉल तिथे झालं, सगळं भुईसपाट.

मी पोरांना घेऊन गेलो होतो. किंग्ज ट्रूप तेच, तोफा त्याच, बँड उत्तमच, आवाज-लाइट पूर्वीपेक्षा शंभरपट भारी, स्क्रीनवर अफगाणिस्तानातल्या जवानांचे व्हिडिओ, लोकांचे डोळे पाणावले, पैसे चांगल्या कामाला जात होते, नावं ठेवायला काही जागा नाही. पण काहीतरी नव्हतं आणि ते काय हे मला तेव्हा सांगता येईना. पोरांना विचारलं आवडलं का, म्हणाली हो छान होतं, आणि ट्यूबमध्ये बसल्यावर फोनमध्ये डोकं. आम्ही लहानपणी अर्ल्स कोर्टवरून घरी येताना भांडायचो, मी पोर्ट्समथवाला आणि धाकटा भाऊ मुद्दाम फ्लीट एअर आर्मवाला, आमचा दोघांचाही नौदलाशी काडीचा संबंध नसताना.

तर माझं म्हणणं हेच की फील्ड गनच्या तीन टीम्सची ती खरी शर्यत १९९९ नंतर परत आलीच नाही आणि तिच्याशिवाय बाकीचं सगळं कितीही सुंदर असलं तरी ते प्रदर्शन आहे. टूर्नामेंटमध्ये कोणीतरी हरायला लागतं.

टवाळ_पोरगा
शेवटचं वाक्य टी-शर्टवर छापा.

खडकी_बाजार
मी लंडनचं काही बघितलेलं नाही, युट्यूबवर जुनं फुटेज बघितलं धागा वाचून आणि रात्रीचे दोन वाजले. पण आपल्याकडचं सांगतो. १५ जानेवारी २०२५ ची आर्मी डे परेड पुण्यात झाली, पहिल्यांदाच, आमच्या खडकीत बीईजीच्या (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) मैदानावर. आधी ही परेड दिल्लीबाहेर जातच नव्हती, २०२३ ला बंगलोर, २०२४ ला लखनौ, मग आम्ही, २०२६ ला जयपूर.

त्याआधी ३ ते ५ जानेवारी रेसकोर्सवर मेळा होता, नो युवर आर्मी (म्हणजे आपलं सैन्य जाणून घ्या), तिथे तर सगळं पुणं लोटलं होतं. टँकवर पोरं चढलेली, के९ वज्रच्या नळीखाली आज्या फोटो काढतायत, एक काका जवानाला पिनाका रॉकेटचं ॲव्हरेज विचारत होते (खोटं नाही सांगत). आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं झांज पथक!! मी गणपतीत पंधरा पथकं ऐकतो पण या लोकांचं काय टायमिंग, काय उड्या. शेवटी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं आणि अख्खं पब्लिक ओरडलं, काटा आला.

परेडला रोबो खेचरं पण चालत गेली, चार पायांची, ती बघून शेजारची छोटी मुलगी रडायला लागली.

आगाशीकरांचा मुद्दा वाचून विचार केला तर खरंय, भारी वाटलं पण कोणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्नच नव्हता, सगळे आपलेच.

मालवणचो_माणूस
आमच्याकडे पण झालंला हां, ४ डिसेंबर २०२३, नेव्ही डे, तारकर्लीच्या किनाऱ्यार. नौदलाच्या मोठ्या तळाच्या भायेर पयल्यांदाच. समोर सिंधुदुर्ग किल्लो, १६६४ सालात महाराजांनी बांधूक घेतलेलो, आणि तेच्या पाठसून मिग-२९के गेला ता असा काय वाजला की आमच्या आयेन कानार हात ठेवलो तो रात्रीपर्यंत. मार्कोस (नौदलाचे कमांडो) इले, हेलिकॉप्टरां इली, काळोख पडल्यार बोटींची लायटिंग.

गर्दी बघून आमका किनाऱ्यापर्यंत पोचाक जमला नाय, शेजाऱ्याच्या माडीवरसून बघितला, पण बरा दिसला. (बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो: मजा आली.)

एक मात्र सांगतो, मुंबईत गेटवेला नेव्ही डेच्या वेळी बीटिंग रिट्रीट असते तेव्हा सी कॅडेटची छोटी पोरं हॉर्नपाइप नाचतात, ते माझं सगळ्यात आवडतं. विमानं येतील जातील, पांढऱ्या ड्रेसमधली ती बारकी पोरं हाताची घडी घालून उड्या मारतात त्याला तोड नाही.

पन्हाळकर
बघा, आपल्याकडच्या वर्णनांत मला काही खटकलं नाही हे खटकलं :) म्हणजे विरोध सर्कशीला नव्हता बहुतेक, ती कोणाची आहे याला होता. तरी परभू सिंग वाल्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

इतिहासवेडा
पन्हाळकर, ठाम राहाच. आणि दिल्लीत २३ जानेवारी २०२३ ला आदि शौर्य म्हणून कार्यक्रम झाला होता तो कोणी बघितला का? नेहरू स्टेडियममध्ये मिलिटरी टॅटू आणि आदिवासी नृत्यं एकत्र. कल्पना चांगली होती. म्हणजे टॅटू हा शब्द आणि प्रकार आपल्याकडे पण हळूहळू स्टेडियमात येतोय, फक्त प्रजासत्ताक दिनाच्या रस्त्यावर राहिलेला नाही.

जबलपूर_ते_वारजे
सुखटणकर वहिनी, मुलाला सांगा, चढले त्याच्या उलट क्रमाने उतरतात. सगळ्यात वरचा आधी, मग त्याच्या खालचे, गाड्या एका वेगात चालूच राहतात, थांबवत नाहीत. अवघड चढणं नसतं, गाडी हळू चालवणं असतं. एवढ्या वजनाखाली हळू आणि सरळ चालवणारा जो खाली असतो त्याचं तोंड कोणाला दिसत नाही, पण टीममध्ये सगळ्यात मान त्याला.

वेदा_फेअरहॅम
आगाशीकर, शर्यत परत आली नाही हे अर्धंच खरं, म्हणून मी तर इथे राहते! भिंत-दरीवाली मोठी रन गेली, पण ब्रिकवूड्स ट्रॉफीची फील्ड गन शर्यत चालू आहे. फेअरहॅमला एचएमएस कॉलिंगवुड म्हणून नौदलाचं ट्रेनिंगचं ठिकाण आहे, नावात एचएमएस असलं तरी जमिनीवरच आहे, तिथे दर उन्हाळ्यात जूनच्या सुरुवातीला असते, पब्लिकला खुली. ही पण १९०७ पासूनचीच. सपाट ट्रॅक, भिंत नाही दरी नाही, पण तोफ तीच जुनी, चाकं काढायची बदलायची, नळी उचलायची, पळायचं, फायर करायची, चांगल्या टीम्स दीड मिनिटाच्या आत. वेगवेगळ्या जहाजांच्या, तळांच्या वीसएक टीम्स, त्यात बायका पण आहेत आता. आणि ओरडा तोच! माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिने एका टीमला निवडलंय केवळ त्यांच्या जर्सीचा रंग आवडला म्हणून आणि ती हरली की जेवत नाही.

लाइट नाही, स्क्रीन नाही, पायाखाली गवत, बाजूला बर्गरची गाडी. मला विचाराल तर टूर्नामेंटचं जे काही जिवंत राहिलंय ते हे. २०१० वाल्यांनी अर्ल्स कोर्ट परत आणलं, यांनी शर्यत ठेवली.

एडिनबराचा_पाऊस
हे भारी आहे. तिकीट लागतं का? आणि आठ वर्षांच्या मुलीशी मी पूर्ण सहमत, जर्सी हेच कारण पुरेसं.

खडकी_बाजार
मला आता एक आयडिया सुचली आहे, हसू नका. आपल्याकडे सॅपर्सचे (सैन्याचे इंजिनिअर जवान) तीन ग्रुप आहेत की नाही. बॉम्बे सॅपर्स आमच्या खडकीत, मद्रास सॅपर्स बंगलोरला, बेंगॉल सॅपर्स रुरकीला. तीन! पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट, फ्लीट एअर आर्म यांच्यासारखेच तीन, तिघांनाही आपण एकच नंबर असं वाटतं. आणि तिघांकडे बेली ब्रिज आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, लोखंडी पॅनल्स जोडून पूल बनवायचा, दुसऱ्या महायुद्धात आला, पूर आला दरड पडली की अजून तोच टाकतात. एक पॅनल दहा फूट लांब, २६० किलोच्या आसपास, सहा जण मिळून दांड्यांवर उचलतात. क्रेन लागत नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य.

तर मैदानात मधे खड्डा, तीन टीम्स, शिट्टी वाजली की पूल बांधायचा, वरून जीप न्यायची, पूल सोडवायचा, परत यायचं. जो आधी येईल तो जिंकला. पुढच्या वेळी पुण्यात काही असेल तर हे ठेवा. मी मद्रासवाल्यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडेन, म्हणजे विरुद्ध.

आगाशीकर_लंडन
खडकी_बाजार, तुम्हाला लंडनच्या गणपतीत मोदक माझ्याकडून. हे म्हणजे अगदी तेच! यात आरास नाही, जे काम त्यांना खरंच करावं लागतं तेच पळत करायचं.

जबलपूर_ते_वारजे
अशा ब्रिजिंगच्या स्पर्धा सॅपर्समध्ये आपापसात होतात, मी पाहिल्या आहेत, वातावरण काय असतं ते पण सांगू शकतो. पब्लिकसमोर आणणं सोपं नाही, बोटं चेपतात, पॅनल घसरला की पाय जातो. वेदा ताईंनी फील्ड गनर्सच्या हातांबद्दल लिहिलंय तेच इथे. शांततेच्या काळात दिखाव्यासाठी जवान जखमी झाला तर कमांडिंग ऑफिसर काय उत्तर देणार. पण सेफ्टी नीट बसवली तर होण्यासारखं आहे. आणि एक सांगतो, जीप नको, तीन टनी ट्रक न्या. जीपला कोणीही पूल बांधेल.

पन्हाळकर
हे असेल तर मी येईन. रुरकीच्या बाजूने.

खडकी_बाजार
पन्हाळकर, कोल्हापूरकडचा माणूस आणि रुरकी??

पन्हाळकर
माझा मामेभाऊ आहे तिथे. आणि तुम्हीच म्हणालात ना, कोणाच्या तरी विरुद्ध ओरडायला पाहिजे.

टवाळ_पोरगा
मद्रास सॅपर्सचं कोणीच नाही इथे, मग मी घेतो. जर्सीचा रंग कोणता आहे?